मरीन बायॉलॉजी दुसरं वर्ष: शार्कसाठी आले आणि किड्यांचे पाय मोजतेय, इलेक्टिव्ह कुठले घेऊ?

ओलीवाळू:

नमस्कार मंडळी, मरीन बायॉलॉजीच्या डिग्रीचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं, आता दुसऱ्या वर्षासाठी पाच इलेक्टिव्हपैकी दोन निवडायचेत आणि डोकं पार भंजाळलंय म्हणून इथे टाकतेय. पर्याय आहेत इन्व्हर्टिब्रेट झूऑलॉजी म्हणजे बिनकण्याचे प्राणी, ओशनोग्राफी म्हणजे पाण्याचं फिजिक्स-केमिस्ट्री, स्टॅट्स आणि एक्स्पेरिमेंटल डिझाइन, मॉलिक्युलर इकॉलॉजी, आणि पाचवा मरीन व्हर्टिब्रेट्स ज्यात शार्क, कासवं, व्हेल वगैरे सगळी मोठी मंडळी येतात.

खरं सांगायचं तर मी या कोर्सला आले ती शार्कसाठी. पहिल्या वर्षात शार्क एका लेक्चरमध्ये येऊन गेला, त्यातही निम्मा वेळ प्रोजेक्टर बंद, आणि बाकी वर्षभर सलिनिटी, बफर, आर (स्टॅट्सची प्रोग्रामिंग भाषा) मधलं कोडिंग आणि पॉलिकीट नावाच्या किड्यांचे पाय मोजणं. मार्क वाईट नाहीत, पण प्रॅक्टिकलला बसले की वाटतं हे मी कशासाठी करतेय. त्यामुळे व्हर्टिब्रेट्स तर डोळे झाकून घेणार होते, पण सीनियर लोक म्हणतात की तो घेऊ नकोस, स्टॅट्स घे, आणि कारण विचारलं की नुसतं हसतात. इन्व्हर्टिब्रेटबद्दल ऐकलंय की सगळं सेमिस्टर लार्व्हांची (मोठ्यांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पिल्लांची) चित्रं काढण्यात जातं. हे खरंय का? आणि मोठ्या प्राण्यांवर काम करायचं असेल तर या चिल्ल्यापिल्ल्यांचा नक्की काय उपयोग?

अजून एक, मला डायव्हिंग येत नाही आणि बोटीत मळमळतं. याने पुढे अडेल का? प्लीज सिरीयसली उत्तर द्या.

कोपेपॉडवाला:

मी झूप्लँक्टनवर (पाण्यात वाहणारे बारीक प्राणी, कोपेपॉड त्यातलेच) पीएचडी करतोय त्यामुळे माझं मत एकतर्फी धरलंस तरी चालेल. इन्व्हर्टिब्रेट घे. व्हर्टिब्रेट्स सोड.

कारण सांगतो, नुसता हसत नाही. समुद्रातल्या नाव दिलेल्या, मान्य झालेल्या प्रजाती आज अडीच लाखांच्या जवळपास आहेत, त्यातले मासे साधारण वीस हजार आणि सस्तन प्राणी जेमतेम १३० च्या आसपास. म्हणजे तू ज्यांच्यासाठी आलीस ते सगळे मिळून दहा टक्केसुद्धा होत नाहीत. आणि विविधता नुसती आकड्यात नाही, बांधणीत आहे. प्राण्यांचे जे तीसेक फायला म्हणजे वर्गीकरणातले मोठे गट आहेत त्यातला ऑनिकोफोरा (मखमली किडे) सोडला तर बाकी जवळजवळ प्रत्येकाचे प्रतिनिधी समुद्रात आहेत, आणि एकायनोडर्म (तारामासे, अर्चिन), टिनोफोर (कोंब जेली), कीटोग्नाथ (बाणकिडे) असे काही तर समुद्राबाहेर सापडतच नाहीत. व्हर्टिब्रेट्सच्या पेपरात तुला एकाच फायलमच्या एका फांदीबद्दल शिकवणार. ती फांदी नंतर स्वतः वाचून कळते, पुस्तकं ढीगभर आहेत. पण पॉलिकीटचा पॅरापोडियम म्हणजे पाय किंवा ब्रायोझोआ या बारीक वसाहती प्राण्यांची कॉलनी समोर मायक्रोस्कोपखाली ठेवून कोणी दाखवली नाही तर नुसत्या वाचनाने ती डोक्यात बसत नाही, हे एक प्रॅक्टिकलचंच ज्ञान आहे आणि डिग्री संपली की ते दाखवणारा माणूस मिळत नाही.

लार्व्हांच्या चित्रांबद्दल ऐकलंस ते खरंय, पण मला विचारशील तर पूर्ण डिग्रीतला सगळ्यात भारी भाग तोच. बार्नेकल घे. कडक पांढरं कवच, खडकाला चिकटलेलं, हलत नाही, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठेमोठे लोक त्याला शिंपल्यांच्या गटात टाकायचे. मग १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्सन नावाच्या लष्करी डॉक्टरने त्याची पिल्लं पाण्यात पोहताना बघितल्याचं छापलं आणि ती होती सरळसरळ क्रस्टेशियन, म्हणजे बार्नेकल हा खेकड्या-कोळंबीचा नातेवाईक निघाला. अख्खं वर्गीकरण एका लार्व्हाने फिरवलं. त्याच माणसाने त्याच्या आधी दोनेक वर्षं झोइया ही खेकड्याची पिल्लं आहेत हे दाखवलं होतं, तोपर्यंत झोइया हा वेगळाच प्राणी समजून त्याला वेगळं जीनस देऊन ठेवलं होतं. माशांमध्येही हेच झालं, पानासारखा पारदर्शक लेप्टोसेफॅलस ही वेगळी जात समजली जायची, १८९० च्या दशकात इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी तो टाकीत बदलताना बघितला आणि निघाला ईलचा लार्व्हा.

आणि अर्चिनचा (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) लार्व्हा, म्हणजे प्लुटियस, बघितलास का कधी? डावी-उजवी बाजू असलेला, लांब हात असलेला, काचेसारखा पारदर्शक प्राणी, आणि त्याच्या पोटाच्या डाव्या बाजूला एक छोटा गोळा वाढत असतो, तो गोळा म्हणजे पाच बाजूंचा भावी अर्चिन. योग्य जागा मिळाली की तो बाहेर पडतो आणि जुनं शरीर थोड्याच वेळात संपतं. हे मी पहिल्यांदा लाइव्ह बघितलं तेव्हा शार्क वगैरे सगळं विसरलो होतो, हो मीही शार्कवालाच होतो.

उपयोग काय विचारतेस तर हा, समुद्रातले बहुतेक प्राणी आयुष्याचा पहिला भाग लार्व्हा म्हणून प्रवाहात वाहून काढतात. कुठल्या किनाऱ्यावर कोण राहणार, मासेमारी बंद केलेल्या भागातून पिल्लं बाहेर पोचतात का, एखादी जात संपली तर परत येईल का, हे बरंचसं लार्व्हा किती दिवस तरंगतो यावर ठरतं. शार्क या नियमाला अपवाद आहेत, त्यांना लार्व्हा नसतो, अंड्यातून किंवा आईच्या पोटातून तयार पिल्लू येतं आणि तीही मोजकीच, म्हणून तर मासेमारीने ते इतक्या लवकर कोलमडतात. बाकीचे कसे जगतात हे माहीत असेल तरच शार्कचं वेगळेपण कळणार ना.

भरतीला_पळा:

कोपेपॉडवाल्यांना कोणीतरी आवरा 😀 प्रश्न दोन ओळींचा होता.

डायव्हिंग आणि मळमळीबद्दल बोलते. डायव्हिंग न येणारे कितीतरी लोक या फील्डमध्ये आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं काम पायी जाऊन करता येतं, प्लँक्टन जाळ्याने येतं, खोल समुद्रातलं काम तर माणूस डायव्ह करून करतच नाही, तिथे पाणबुडी किंवा केबलवरचा रोबो जातो. ज्यांना कोरल किंवा केल्पवर (मोठं समुद्री शेवाळ) काम करायचंय त्यांना लागतं आणि तेव्हा सायंटिफिक डायव्हिंगचं वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागतं, हौशी डायव्हिंगच्या कार्डावर बहुतेक ठिकाणी संशोधनासाठी पाण्यात उतरू देत नाहीत. ते नंतर करता येतं, आत्ता त्यावर पैसे घालू नकोस. पोहता मात्र यायलाच हवं, ते येतं ना?

मळमळ खूप जणांना होते, बोटीवर जन्म काढलेल्यांपैकीही काहींना पहिल्या दिवशी होते. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी डॉक्टरला विचारून घे कारण काहींनी प्रचंड झोप येते. डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघत राहायचं. आणि चालत्या बोटीत मायक्रोस्कोपला डोळा लावायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

ओलीवाळू:

पोहता येतं हो, ते चांगलं येतं. डायव्हिंगचं ऐकून हायसं वाटलं.

कोपेपॉडवाला, प्लुटियसचं वाचून आत्ताच व्हिडिओ शोधून बघितला, हे काय आहे!! पण व्हर्टिब्रेट्स पूर्ण सोडायचं म्हणजे जीवावर येतंय. आणि स्टॅट्सबद्दल अजून कोणी काहीच बोललं नाही, सीनियर का हसतात ते सांगा ना. मला गणिताची भीती नाहीये, कंटाळा आहे.

पी_व्हॅल्यू_०६:

सीनियर हसतात कारण त्यांनी घेतला नाही आणि आता डिसर्टेशनच्या वेळी रडतायत 😄

स्टॅट्स शिकवतात चुकीच्या टोकाने म्हणून कंटाळा येतो. आधी फॉर्म्युला, मग टेस्टची नावं, मग कुठलीतरी फुलांच्या पाकळ्यांची डेटाशीट. खरं ते सुरू व्हायला हवं खडकावरून. १९६१ मध्ये जोसेफ कॉनेलचा एक पेपर आला, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या दोन बार्नेकलवर. एक जात वरच्या पट्ट्यात राहते, दुसरी खालच्या. सगळ्यांना वाटेल की वरचीला वरचं हवामान आवडतं. त्याने काय केलं, वरच्या जातीची पिल्लं बसलेले दगड उचलून खाली नेऊन बसवले, आणि काही तुकड्यांवर शेजारची दुसरी जात खरवडून काढत राहिला, काहींवर तशीच ठेवली. जिथे शेजारी काढले तिथे वरची जात खालीही मजेत जगली. जिथे ठेवले तिथे खालच्या जातीने वाढता वाढता तिला चिरडलं, उपटून काढलं. म्हणजे खालची सीमा शेजाऱ्याने ठरवलेली, आणि वरची सीमा उन्हात वाळण्याने. नुसतं बघत बसला असता तर हे जन्मात कळलं नसतं. हेच एक्स्पेरिमेंटल डिझाइन, यात अजून एकही फॉर्म्युला आलेला नाही बघ.

रॉबर्ट पेनचं पण वाच. त्याने वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर एका तुकड्यातून पायसास्टर नावाचे तारामासे हाताने काढून समुद्रात लांब फेकायचा उद्योग चालवला आणि शेजारचा तुकडा तसाच ठेवला. १९६६ च्या पेपरात आकडे आहेत, काढलेल्या तुकड्यात १५ जातींच्या ८ राहिल्या, कारण तारामासा ज्यांना खायचा त्या शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली. कीस्टोन स्पीशीज हा शब्द त्याने तिथून १९६९ मध्ये आणला, आज तो शाळेच्या पुस्तकात आहे.

आता तुझ्या कामाचं. समज तुला बघायचंय की गरम पाण्यात अर्चिनची वाढ कमी होते का. दोन टाक्या घेतल्यास, एक गरम एक साधी, प्रत्येकीत वीस अर्चिन. महिन्याने मोजलंस, टी टेस्ट (दोन सरासरींची तुलना) लावली, प्रत्येक बाजूला एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर वीस लिहिलंस, पी व्हॅल्यू (फरक नुसता योगायोग असेल तर असा डेटा येण्याची शक्यता) झकास छोटी आली. आणि सगळं कचऱ्यात. कारण तू तापमान वीस अर्चिनना वेगवेगळं दिलेलं नाहीस, एका टाकीला दिलंस, म्हणजे तुझा एन प्रत्येक बाजूला एकच आहे. त्या टाकीत एखादा जंतू शिरला असेल, पंप मंद असेल, दाराजवळ असेल, तो सगळा परिणाम तू तापमानाच्या नावावर खपवलास. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, १९८४ मध्ये हर्लबर्टने छापून आलेले इकॉलॉजीचे प्रयोग तपासले तेव्हा स्टॅट्स वापरणाऱ्या पेपरांपैकी जवळजवळ निम्म्यांत हा घोळ निघाला. उपाय सोपा आहे, जास्त टाक्या, कमी अर्चिन, आणि कुठली टाकी गरम करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पण हा उपाय प्रयोग सुरू करायच्या आधीच करता येतो. नंतर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तो डेटा वाचवू शकत नाही आणि नेमके नंतरच लोक आमच्याकडे लॅपटॉप घेऊन येतात.

दुसरी गोष्ट, तुझ्या शार्कचा डेटा. तू पाण्यात आमिष लावलेले कॅमेरे सोडणार, तासभर शूटिंग, आणि बहुतेक व्हिडिओत शार्क शून्य. शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, मधेच चार. यावर सरासरी काढून बार ग्राफ काढलास तर त्याला अर्थ नाही, अशा डेटाला पॉइसन, निगेटिव्ह बायनॉमियल, झिरो-इन्फ्लेटेड अशी मॉडेल्स लागतात. शिवाय शून्य म्हणजे शार्क नव्हता की होता पण दिसला नाही? पाणी गढूळ होतं का? हा प्रश्न अख्ख्या मेगाफॉना म्हणजे मोठ्या प्राण्यांच्या संशोधनाच्या मुळाशी आहे. प्राणी जेवढा मोठा आणि दुर्मिळ तेवढं स्टॅट्स जड. कोपेपॉडवाल्यांचं बरं आहे, एका बाटलीत हजार मिळतात.

म्हणून माझं मत स्टॅट्स आधी, मग दुसरं काहीही.

कोपेपॉडवाला:

हजार मिळतात पण ते मोजायचे कोणी ते सांगा. आणि जाळ्याच्या तोंडाशी फ्लोमीटर लावला नाही तर ते हजार किती पाण्यातले तेही कळत नाही.

बाकी टाक्यांबद्दल पूर्ण सहमत.

रे_आणि_स्केट:

मी शार्क आणि रे वर काम करते, मास्टर्स संपत आलंय, म्हणून या धाग्यावर बोलायचा माझा हक्क आहे 🙂 आणि माझं उत्तर ऐकून तुला बहुतेक राग येईल. ओशनोग्राफी घे.

शार्क समजून घ्यायचा तर सुरुवात मिठापासून होते. साध्या हाडाच्या माशाचं रक्त समुद्रापेक्षा खूपच कमी खारट असतं, म्हणजे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं, मग तो समुद्राचं पाणी पीत राहतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. शार्कने वेगळीच वाट काढली, तो युरिया रक्तात साठवून ठेवतो, इतका की रक्ताचा एकूण ऑस्मॉटिक दाब (पाणी ओढून घेण्याची ताकद) समुद्राच्या पाण्याइतका किंवा किंचित जास्तच होतो आणि पाणी प्यायची गरजच पडत नाही. पण युरियाने प्रोटीन बिघडतात, म्हणून सोबत टीएमएओ नावाचं दुसरं रसायन ठेवतो जे प्रोटीनला सांभाळतं. आणि आत शिरणारं मीठ रेक्टल ग्लँडमधून (आतड्याच्या शेवटाजवळची ग्रंथी) बाहेर. आता गंमत बघ, हेच टीएमएओ हाडाच्या माशांमध्येही असतं आणि जसजसं खोल जावं तसं वाढत जातं, कारण दाबानेही प्रोटीन बिघडतात आणि दाब दर दहा मीटरला एक अ‍ॅटमॉस्फिअर वाढतो. साधारण ८,२०० मीटरच्या पुढे इतकं टीएमएओ लागेल की माशाचं रक्तच समुद्रापेक्षा दाट होईल आणि पाणी उलटं आत घुसायला लागेल, तेव्हा मासे त्याहून फार खाली जाऊ शकणार नाहीत असं २०१४ मध्ये मांडलं गेलं. २०२२ मध्ये जपानजवळच्या खंदकात आजवरचा सगळ्यात खोल मासा कॅमेऱ्यात आला तो ८,३३६ मीटरवर, म्हणजे अंदाज किती जवळ होता बघ. हे सगळं केमिस्ट्री आहे, व्हर्टिब्रेट्सच्या पेपरात याची फक्त एक स्लाइड असते.

वयाचं पण तेच. हाडाच्या माशाच्या कानात ओटोलिथ म्हणजे चुन्याचा छोटा खडा असतो, कापून त्याच्या रिंगा मोजायच्या. शार्कला तसा ओटोलिथ नाही, मणक्यातले पट्टे मोजतात पण ग्रीनलँड शार्कच्या मऊ मणक्यात तेही नीट दिसत नाहीत. मग २०१६ मध्ये काय केलं तर डोळ्याच्या भिंगाचा मधला भाग घेतला, जो जन्माआधी तयार होतो आणि नंतर बदलत नाही, आणि त्यातला रेडिओकार्बन मोजला. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे समुद्रात वाढलेल्या कार्बनची खूण सोबत वापरली, त्यावरून कुठले शार्क त्यानंतर जन्मलेत ते ओळखता येतं. सगळ्यात मोठी मादी निघाली ३९२ वर्षांची, अधिक-उणे १२०. म्हणजे कमीत कमी २७२. पृष्ठवंशीय प्राण्यांमध्ये एवढं आयुष्य दुसऱ्या कोणाचं माहीत नाही. आणि ते अधिक-उणे १२० कुठून आलं हे समजायला तुला पी_व्हॅल्यू_०६ यांच्याकडे जावं लागेल.

माझं स्वतःचं काम आयसोटोपवर (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार) आहे, शार्कच्या स्नायूचा चिमूटभर तुकडा घेऊन नायट्रोजन-१५ म्हणजे जड नायट्रोजन मोजायचा, अन्नसाखळीच्या दर पायरीला तो साधारण ३.४ पर मिल (हजारात ३.४) वाढतो त्यावरून कोण कोणाला खातं ते काढायचं. पण त्यासाठी पायथ्याचा आकडा लागतो, म्हणजे त्या भागातल्या प्लँक्टनचा, आणि तो प्रवाहाप्रमाणे आणि नायट्रेट कुठून येतं त्याप्रमाणे बदलतो. त्यामुळे शार्कच्या थिसिसमध्ये माझा निम्मा वेळ प्लँक्टन गाळण्यात गेला. हसा आता.

कोपेपॉडवाला:

हसत नाही, पण आनंद झाला.

ओशनोग्राफीच्या बाजूने मीही एक गोष्ट टाकतो, तीही लहान प्राण्यांचीच. एक मिलिमीटरच्या प्राण्याला पाणी आपल्यासारखं पातळ लागत नाही, तिथे चिकटपणाचं राज्य असतं, कोपेपॉड पोहतो ते आपण मधात पोहल्यासारखं. हात मारायचा थांबला की तिथल्या तिथे थांबतो, घरंगळत पुढे जाणं नाही. बरीच वर्षं लोक समजायचे की त्याच्या केसाळ अवयवांची चाळणी असते आणि तो पाणी गाळून खातो. १९८१ मध्ये कोल आणि स्ट्रिकलर यांनी हायस्पीड फिल्म काढून दाखवलं की एवढ्या चिकट पाण्यात त्या केसांमधून पाणी फारसं जातच नाही, तो चाळणीसारखं वापरतच नाही, ते अवयव उघडून-मिटून पाण्याची एक छोटी पुडी आत ओढतो, ज्यात त्याला हवा तो कण असतो. फिजिक्स येत नसेल तर प्राण्याचं तोंडसुद्धा समजत नाही हा मुद्दा.

कडू_कालव:

सगळ्यांनी मिळून बिचारीचा शार्क पळवला.

मी उलटं सांगतो. आवडीचं एक तरी ठेव. मी बघितलंय, पोरं सीनियरचं ऐकून सगळं उपयोगाचं घेतात, तिसऱ्या वर्षापर्यंत मन उडतं आणि मग कोर्स बदलतात. व्हर्टिब्रेट्सचा पेपर सोपा असतो, मार्क चांगले मिळतात आणि सकाळी उठून लेक्चरला जावंसं वाटतं, याला काही किंमत नाही का? सोबत स्टॅट्स घे आणि मोकळी हो.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही ती बोलतो. डिग्रीनंतर फार थोडे लोक शार्कवर काम करतात आणि फार थोडे कोपेपॉडवरही. जास्त लोक जातात मत्स्यपालनात, मासेमारीच्या साठ्याचा अंदाज काढणाऱ्या ऑफिसात, पाण्याची तपासणी करणाऱ्या कंपन्यांत, बंदर किंवा पवनचक्की बांधायच्या आधी तळाचा सर्व्हे करणाऱ्या फर्ममध्ये. मी त्यातलाच. तिथे दिवसभर गाळ चाळून त्यातले किडे ओळखायचे असतात. होय, पॉलिकीटच. पाय मोजून.

पी_व्हॅल्यू_०६:

@कडू_कालव तुम्ही व्हर्टिब्रेट्सची बाजू घ्यायला आलात आणि शेवटी इन्व्हर्टिब्रेटचीच जाहिरात करून गेलात 😂

कडू_कालव:

मी पगाराची जाहिरात केली.

मॉलिक्युलरबद्दल विचारलंय म्हणून, तो मास्टर्सला पुन्हा मिळतो आणि तोपर्यंत मशीन बदललेली असतात, आत्ता घाई नको. हल्ली पाण्याच्या बाटलीतून डीएनए गाळून कुठले प्राणी तिथे होते ते सांगतात, शार्कसाठीही वापरतात, भारी आहे. पण त्या डीएनएची जुळणी करायला लायब्ररी लागते आणि त्या लायब्ररीतलं प्रत्येक नाव कोणीतरी प्राणी हातात धरून ओळखलेलं असतं. ओळखणारेच कमी झालेत.

रे_आणि_स्केट:

हे मात्र शंभर टक्के. आमच्या ईडीएनएच्या, म्हणजे पाण्यातून गाळलेल्या डीएनएच्या, रिझल्टमध्ये ढीगभर सिक्वेन्स नुसते "अज्ञात अ‍ॅनेलिड" म्हणून पडून आहेत, म्हणजे पॉलिकीटच्याच गटातले कोणीतरी.

ओलीवाळू:

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील वाटलं नव्हतं. रे_आणि_स्केट, राग नाही आला, युरियाचं मी दोनदा वाचलं आणि मैत्रिणीलाही ऐकवलं, तिला घेणंदेणं नव्हतं तरी.

तर मी इन्व्हर्टिब्रेट आणि स्टॅट्स भरतेय. व्हर्टिब्रेट्सच्या मॅडमना विचारलं, क्रेडिटशिवाय नुसतं लेक्चरला बसलेलं चालेल म्हणाल्या, त्यामुळे शार्क अगदीच पळाला नाही. ओशनोग्राफी तिसऱ्या वर्षाला पुन्हा आहे, तेव्हा घेईन.

आता शेवटचा प्रश्न, कोपेपॉडवाला आणि कडू_कालव दोघांसाठी. या प्रॅक्टिकलला प्रत्येकाने स्वतःचं कलेक्शन करून सबमिट करायचं असतं. नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवायचे की अल्कोहोलमध्ये? सरांनी दोन्ही ठेवलेत आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणालेत.

कडू_कालव:

प्राण्यावर अवलंबून. किडे आणि क्रस्टेशियन आधी फॉर्मलिनमध्ये एकदोन दिवस, मग धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये, आकार टिकतो आणि वासाने डोकं दुखत नाही. शिंपले-शंख, अर्चिन, तारामासे जास्त दिवस साध्या फॉर्मलिनमध्ये ठेवू नकोस, ते आम्लधर्मी असतं, चुना हळूहळू विरघळतो, बफर घातलेलंच वापर. जेलीफिश आणि टिनोफोर अल्कोहोलमध्ये टाकलेस तर आकसून चोथा होतो. पॉलिकीट टाकायच्या आधी मॅग्नेशियम क्लोराइडने सैल करून घे, नाहीतर वेटोळं करून बसतात आणि मग पाय मोजता येत नाहीत. आणि फॉर्मलिनचं काम फ्यूम हूडखाली, ग्लोव्ह्ज घालून, यात हयगय नाही.

कोपेपॉडवाला:

वरचं सगळं बरोबर, फक्त एक जोड. प्रत्येक जातीचा निदान एक नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेव, फॉर्मलिनमधल्या नमुन्यातून डीएनए नीट निघत नाही आणि उद्या कोणी मागितला तर हातात हवा. लेबल बाटलीच्या आत टाकायचं, पेन्सिलने लिहून, बाहेरचं पेनचं लेबल अल्कोहोल लागलं की पुसलं जातं. त्यावर तारीख, जागा, खोली, कशाने पकडलं ते, आणि कोणी ओळखलं त्याचं नाव.

लार्व्हांची चित्रं मात्र जिवंत असतानाच काढ. प्लुटियस मेला की हात कोसळतात.